डेटाचा हिशेब : भ्रमणध्वनीवरील वापर कसा मोजावा, कसा आवरावा

शनिवारवाड्यापासून ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि अप्पा बळवंत चौकापर्यंतच्या गल्ल्यांमध्ये जुन्या वाड्यांच्या व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारांवर दोन प्रकारच्या पाट्या हमखास आढळतात. एक ‘अभ्यासिका’ आणि दुसरी ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले विद्यार्थी शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेत राहतात. घरून येणाऱ्या ठरावीक रकमेत खोलीचे भाडे, मेसचा डबा, अभ्यासिकेचे शुल्क आणि भ्रमणध्वनीचे रिचार्ज एवढे सारे बसवावे लागते. व्याख्याने यूट्यूबवर, टिपणे टेलिग्रामवर, सराव चाचण्या ॲपवर आणि परीक्षेचे प्रवेशपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर, अशी सारी तयारी आता हातातल्या संचावर अवलंबून असते. दिवसाचा दीड जीबी डेटा सायंकाळी सहालाच संपला, तर रात्रीचे व्याख्यान बुडते किंवा खिशातले आणखी काही रुपये ‘टॉप-अप’वर जातात.

याच पेठेतल्या एखाद्या वाड्यात राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांची अडचण नेमकी उलटी असते. त्यांना दूरध्वनी हवा असतो, महाजालाशी फारसे देणेघेणे नसते. तरीही रिचार्जसोबत रोजचा डेटा पदरी पडतो आणि न वापरताच मध्यरात्री नाहीसा होतो. एकाला डेटा पुरत नाही आणि दुसऱ्याला तो नको आहे. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती संचातच असते. पण ती नेमकी कोठे पाहावी, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

दहा केबीपासून दीड जीबीपर्यंत

महाजालाच्या वापरावर लक्ष ठेवण्याची गरज नवी नाही. जीपीआरएसच्या काळात ‘दहा केबीला दहा पैसे’ अशा दराने आकारणी होत असे. एका एमबीत १०२४ केबी धरल्यास हा खर्च दर एमबीला दहा रुपयांच्या वर जातो. आज व्हॉट्सॲपवर येणारा सकाळच्या शुभेच्छांचा एखादा व्हिडिओ त्या दराने पन्नास रुपयांना पडला असता. त्यामुळे त्या वेळचा ग्राहक महाजालाचे बटण चुकून दाबले गेले तरी घाबरून ते बंद करी.

थ्रीजी सेवा २००८ च्या अखेरीस प्रथम दिल्लीत एमटीएनएलने आणि २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्यांनी सुरू केली. फोरजीच्या बाबतीत पुणे आघाडीवर होते. एअरटेलने २०१२ मध्ये कोलकाता व बेंगळुरूपाठोपाठ ही सेवा पुण्यात आणली. मात्र खरी उलथापालथ झाली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या आगमनाने. आधी डिसेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत मोफत डेटा मिळाला आणि त्यानंतर ‘रोज इतका डेटा’ ही पद्धत साऱ्या कंपन्यांनी उचलली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीचा सरासरी दर सुमारे २६९ रुपये होता. २०२४ पर्यंत तो नऊ रुपयांच्या आसपास आला. वापरही त्याच प्रमाणात फुगला. नोकिया कंपनीच्या वार्षिक अहवालाने २०२३ मध्ये भारतातील प्रतिग्राहक मासिक वापर २४.१ जीबी असल्याचे नोंदविले आहे.

एवढ्या स्वस्ताईत हिशेब कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु स्वस्त आहे तो सरासरी जीबी. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढविले आणि दिवसाचा कोटा संपल्यावर घ्यावा लागणारा जादा डेटा मूळ योजनेच्या तुलनेत दर जीबीला बराच महाग पडतो. महिन्यातून आठ-दहा वेळा ‘टॉप-अप’ घेणारा विद्यार्थी नकळत वरच्या योजनेइतका खर्च करून बसतो.

दीड जीबी म्हणजे किती?

दूरसंचार कंपन्या वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि डेटा ‘बाइट’मध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. एवढे ध्यानात ठेवले की बहुतेक हिशेब तोंडी करता येतो. ४८० पी दर्जाचा व्हिडिओ साधारण एक एमबीपीएस वेगाने वाहतो असे धरले, तर सेकंदाला एक अष्टमांश एमबी, मिनिटाला साडेसात आणि तासाला ४५० एमबी खर्च होतो. म्हणजे दीड जीबीत सव्वातीन तासांहून थोडे अधिक व्याख्यान पाहता येते. तेच व्याख्यान ७२० पी दर्जात पाहिले आणि वेग अडीच एमबीपीएस धरला, तर तासाला सव्वाअकराशे एमबी जातात आणि कोटा ऐंशी मिनिटांत आटोपतो. केवळ आवाज ऐकायचा असेल, तर ९६ केबीपीएसच्या ध्वनिप्रवाहाला तासाला अवघे ४३ एमबी लागतात.

हे आकडे अर्थातच स्थूल आहेत. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचे चित्र फारसे हलत नाही, म्हणून ते दाबून लहान करता येते. क्रिकेटच्या सामन्यात दृश्य सतत बदलते, त्यामुळे त्याच दर्जाला अधिक डेटा लागतो. तरीही एक गोष्ट यातून स्पष्ट होते. संदेश, बातम्यांची संकेतस्थळे, नकाशे आणि पैशांचे व्यवहार यांवर काटकसर करून फारसे काही हाती लागत नाही. खर्च व्हिडिओवर होतो आणि आवर घालायचा तो तेथेच.

कोटा संपल्यावर जिओसारखी कंपनी वेग ६४ केबीपीएसवर आणते. हा वेग म्हणजे सेकंदाला आठ केबी. एक एमबी उतरवायला दोन मिनिटे आणि पाच एमबीची टिपणे उतरवायला दहा मिनिटांहून अधिक लागतात. काही शेकडो केबींची प्रवेशपत्राची पीडीएफ या वेगातही उतरू शकते; मात्र तिच्यापर्यंत नेणारे पान चित्रांनी भरलेले असेल, तर ते उघडण्यापूर्वीच संपर्क तुटण्याची शक्यता असते. प्रवेशपत्र शेवटच्या रात्रीवर ठेवू नये, हा सल्ला डेटाच्या हिशेबानेही खरा आहे. यूपीआयचा व्यवहार मात्र थोड्या धीराने या वेगात होऊ शकतो आणि महाजाल मुळीच नसेल, तर *९९# ही सेवा साध्या नेटवर्कवर चालते.

अँड्रॉइड संचातील व्यवस्था

अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, डेटाचा हिशेब संचातच मिळतो. ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ या भागात सिमकार्डाच्या नावाखाली ‘डेटा वापर’ असे पान असते. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. तेथे कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला याची उतरत्या क्रमाने यादी दिसते. पहिल्या तीन-चार नावांकडे नीट पाहावे, बाकीची यादी सोडून दिली तरी चालेल. एखाद्या नावावर बोट ठेवले की त्याचा वापर दोन भागांत दिसतो : ॲप समोर उघडे असतानाचा आणि ते पडद्याआड असतानाचा. दुसरा आकडा मोठा असेल, तर तेथेच ‘बॅकग्राउंड डेटा’ बंद करता येतो. संदेशांची व बँकेची ॲप मात्र यातून वगळावीत. नाहीतर सूचना वेळेवर येणार नाहीत.

याच पानावर ‘डेटा चेतावणी’ आणि ‘डेटा मर्यादा’ अशा दोन सोयी आहेत आणि त्यांत गल्लत होते. चेतावणी ही नुसती सूचना असते. मर्यादा गाठली गेली, की संच भ्रमणध्वनीवरील डेटा पूर्णपणे बंद करतो. मग रिक्षा बोलावणे आणि भाजीवाल्याला पैसे देणेही अडते. ज्यांना वापरानुसार बिल येते, त्यांनी मर्यादा अवश्य घालावी आणि ती योजनेच्या आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. संचाची मोजणी आणि कंपनीची मोजणी तंतोतंत जुळत नाही. एक जीबी म्हणजे १००० एमबी की १०२४, येथपासून फरक पडू शकतो आणि बिलाला आधार असतो तो कंपनीच्या आकड्याचा.

या व्यवस्थेत भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने एक उणीव आहे. अँड्रॉइडचे चक्र महिन्याचे आहे. येथील बहुतेक योजना २८ किंवा ८४ दिवसांच्या असून कोटा रोजचा असतो. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात आणि तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवसांनी मागे सरकते. संचात नोंदविलेले चक्र मग कशाशीच जुळत नाही. यावरील टीकेनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढून प्रत्येक कंपनीला किमान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवणे भाग पाडले. जाहिरातींत या योजना फारशा पुढे केल्या जात नाहीत, पण हिशेब ठेवू इच्छिणाऱ्याने त्या विचारून घ्याव्यात. काही उत्पादकांनी आपल्या संचांत रोजच्या मर्यादेची सोय दिली आहे. ती नसेल, तर दिवसाची शिल्लक पाहण्यासाठी कंपनीचे स्वतःचे ॲप हाच विश्वसनीय मार्ग उरतो.

‘डेटा सेव्हर’ ही सोय २०१६ मधील अँड्रॉइड ७ पासून आहे. ती सुरू केली, की पडद्याआडची बहुतेक ॲप भ्रमणध्वनीचा डेटा वापरू शकत नाहीत आणि ज्यांना सूट हवी त्यांची निवड आपण करू शकतो. विद्यार्थ्यांसाठी एवढी एकच कळ पुष्कळ आहे. ती सुरू असताना संचाचे हॉटस्पॉट चालत नाही, हेही ठाऊक असावे. ‘हॉटस्पॉट बिघडला’ म्हणून दुकान गाठण्यापूर्वी ही कळ तपासावी.

आयफोनचे वेगळे शास्त्र

आयफोनमध्ये ‘मोबाइल डेटा’ या पानावर ॲपनिहाय वापर दिसतो आणि ज्या ॲपला डेटा द्यायचा नाही त्याची कळ बंद करता येते. मात्र ‘सध्याचा कालावधी’ या नावाखाली दाखविला जाणारा आकडा आपोआप शून्यावर येत नाही. पानाच्या तळाशी जाऊन तो दर रिचार्जला स्वतः पुसावा लागतो. तसे न केल्यास तो आकडा संच घेतल्या दिवसापासूनचा असू शकतो आणि पाहणाऱ्याला उगाच धडकी भरते. ठरावीक आकड्यावर डेटा आपोआप बंद व्हावा, अशी सोय आयफोनने दिलेली नाही. २०१९ मधील आयओएस १३ पासून ‘लो डेटा मोड’ आहे. त्याने छायाचित्रांची आयक्लाउडवरील रवानगी आणि आपोआप होणारी अद्यतने थांबतात. ‘वाय-फाय असिस्ट’ ही सोय मात्र बंद ठेवलेली बरी. वाय-फाय क्षीण झाले, की ती गुपचूप भ्रमणध्वनीच्या डेटाकडे वळते.

गळती नेमकी कोठे?

गणेशोत्सवाआधीचे दोन महिने नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो. त्याचे व्हिडिओ पेठेतल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरतात. गटात शंभर जण असतील, तर तोच व्हिडिओ शंभर संचांत उतरतो; पाहणारे त्यांपैकी थोडेच असतात. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ या पानावर मोबाइल डेटा वापरत असताना आपोआप काय उतरावे हे ठरविता येते. तेथील छायाचित्रे, ध्वनी, व्हिडिओ आणि दस्तऐवज या चारही चौकटींवरील खुणा काढून टाकाव्यात. हव्या त्या चित्रावर बोट ठेवले की ते उतरतेच. तेथेच संभाषणासाठी कमी डेटा वापरण्याची कळ आहे. संभाषणांची प्रत गूगलच्या खात्यावर पाठविण्याचे काम ‘केवळ वाय-फाय’वर ठेवावे, ही प्रत काही जीबींची असू शकते.

यूट्यूबमध्ये मोबाइल डेटावरील व्हिडिओचा दर्जा कायमचा ठरवून ठेवता येतो. ‘डेटा सेव्हर’ निवडल्यास चित्र थोडे धूसर दिसते, पण फळ्यावरील अक्षर बहुधा वाचता येते. न आल्यास तेवढ्यापुरता दर्जा वाढवावा. एक व्हिडिओ संपताच दुसरा सुरू करणारे ‘ऑटोप्ले’ बंद करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. झोप लागल्यावर चालू राहिलेल्या व्हिडिओंनी किती कोटे संपविले असतील, याची गणती नाही. इन्स्टाग्राममध्येही डेटा वाचविण्याची कळ आहे, परंतु रील्सच्या मूळ स्वभावापुढे तिचा प्रभाव मर्यादितच राहतो. प्ले स्टोअरची अद्यतने आणि गूगल फोटोजची रवानगी केवळ वाय-फायवर ठेवावी. नकाशांचा पुणे शहराचा भाग आधीच उतरवून ठेवल्यास रस्ता शोधताना फारच थोडा डेटा लागतो.

सर्वांत मोठी गळती मात्र संचाबाहेर होते. खोलीतला एक जण हॉटस्पॉट सुरू करतो आणि दुसरा त्यावर लॅपटॉप जोडतो. लॅपटॉपच्या दृष्टीने हे घरच्यासारखेच वाय-फाय असते. मग विंडोज आपली शेकडो एमबींची अद्यतने निवांतपणे उतरवू लागते. विंडोज ८ पासून प्रत्येक वाय-फाय जोडणीला ‘मीटर्ड’ ठरविण्याची सोय आहे. हॉटस्पॉटच्या नावावर ती खूण एकदा केली, की मोठी अद्यतने थांबतात. अँड्रॉइड संचातही वाय-फायच्या तपशिलात अशीच निवड असते.

डेटा वाचविण्यासाठी वेगळे ॲप उतरवावे काय, याचे उत्तर आता बहुतांशी नकारार्थी आहे. गूगलचे ‘डेटाली’ २०१७ मध्ये आले आणि २०१९ मध्ये बंद झाले. क्रोममधील पाने दाबून लहान करणारी सोय २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. यूट्यूब गो हे हलके ॲपही त्याच वर्षी संपले. पाने आपल्या सर्व्हरवर लहान करून पाठविणारे ऑपेरा मिनी अजून आहे. अनोळखी कंपन्यांची ‘डेटा वाचवा’ म्हणणारी ॲप मात्र साऱ्या वाहतुकीवर नजर ठेवण्याची परवानगी मागू शकतात. चार रुपयांच्या डेटासाठी एवढी मोकळीक देणे शहाणपणाचे नाही.

‘अमर्यादित’ फाइव्हजी आणि वाड्याच्या भिंती

देशात फाइव्हजी सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला आणि पहिल्या टप्प्यातील शहरांच्या यादीत पुण्याचे नाव होते. जिओ आणि एअरटेलने फाइव्हजीवरील डेटा अमर्यादित ठेवला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ही सवलत मुख्यतः रोज दोन जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरती उरली. येथे एक मेख आहे. फाइव्हजीसाठी मुख्यत्वे वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतून कमी जातात. दगडविटांच्या जुन्या वाड्यातील आतल्या खोलीत संच फाइव्हजी सोडून फोरजीवर येऊ शकतो आणि तेवढा वेळ झालेला वापर रोजच्या कोट्यातून वजा होतो. वरच्या पट्टीवर ‘५जी’ हे चिन्ह आहे की ‘४जी’, हे व्हिडिओ लावण्यापूर्वी पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. खिडकीजवळ बसल्याने कधी कधी काही जीबींची बचत होते.

ग्राहकाचे हक्क

ट्रायच्या नियमांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून डेटा सेवा सुरू करता येत नाही. ती सुरू किंवा बंद करण्यासाठी १९२५ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर दूरध्वनी करता येतो किंवा ‘स्टार्ट’ वा ‘स्टॉप’ हा इंग्रजी शब्द लघुसंदेशाने पाठविता येतो. योजनेतील डेटाचा वापर ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाल्यावर कंपनीने ग्राहकास कळविणे बंधनकारक आहे. हे संदेश जाहिरातींच्या गर्दीत न वाचताच पुसले जातात, ही वेगळी गोष्ट. आकारणीबाबत तक्रार असल्यास ती प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही, त्यामुळे थेट तिकडे लिहिण्यात वेळ दवडू नये. तक्रारीसोबत संचातील वापराच्या पानाचे छायाचित्र जोडल्यास बोलणे मुद्द्यावर राहते.

परदेशी मुलाकडे जाणाऱ्या पेठेतील आईवडिलांनी विमानात बसण्यापूर्वी ‘डेटा रोमिंग’ची कळ बंद असल्याची खात्री करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय रोमिंगची योजना न घेता परदेशात उतरल्यावर संचाने आपणहून केलेली अद्यतनेही बिलात मोठी भर घालू शकतात. कळ बंद असली तरी वाय-फायवर व्हॉट्सॲप चालते. परदेशी नेटवर्क वापरण्याची सुविधा सिमवर सुरू असेल, तर बँकेचे लघुसंदेशही येतात. ही सुविधा निघण्यापूर्वीच कंपनीकडून सुरू करून घ्यावी.

ज्यांना डेटा नकोच आहे, त्यांची सोयही आता झाली आहे. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण नियमांत बाराव्यांदा दुरुस्ती करून केवळ संभाषण आणि लघुसंदेश देणारी विशेष योजना ठेवणे कंपन्यांना सक्तीचे केले आणि अशा योजनांची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी अशा योजना आणल्या. दुकानदार त्या आपणहून सुचवीलच असे नाही. ‘फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज’ असे स्पष्ट शब्दांत मागावे आणि घरात वाय-फाय असेल, तर नातवंडांचे व्हिडिओ त्यावर पाहावेत.